मुंबईला जाण्याआधी

"अम्मी, मेरे को नहीं आना बम्बई. तुम लोग जाओ."

आमची थोरली असं म्हणाली तेव्हा आम्ही चहाचं आधण ठेवत होतो. २०२५ सालचा एप्रिल महिना. रमजान ईद होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. मे महिन्याच्या सुट्टीत आठ दिवस मुंबईला, भायखळ्याला मामूजानच्या घरी जायचं ठरलं होतं. धाकटा दुसरीतला. त्याने आनंदाने घर डोक्यावर घेतलं होतं. थोरली पाचवीतली, वर्गात पहिल्या-दुसऱ्या नंबरची. तिने मात्र भिंतीकडे तोंड करून 'नहीं' म्हटलं आणि गप्प बसली.

कारण आम्हाला माहीत होतं. वर्षभरापूर्वी मालेगावला घरातलंच एक लग्न होतं. मामूजानची मुलगी हिच्याच वयाची, इंग्रजी माध्यमात शिकणारी. तिने सहज म्हणून हिला इंग्रजीत दोन-तीन प्रश्न विचारले. प्रश्न हिला समजले होते, पण उत्तर जिभेवर येईना. आजूबाजूच्या मुली हसल्या. मामूजानच्या मुलीच्या मनात काही वाईट नव्हतं, पण हिच्या मनात ते हसू रुतून बसलं. त्या दिवसापासून आमची उर्दू शाळेतली हुशार मुलगी मुंबईच्या नावाने गप्प व्हायची.

वाचकहो, हे दुखणं आम्हाला नवीन नाही. नऊ-दहा वर्षांच्या असताना आम्हीही सटाण्याहून मुंबईला गेलो होतो. त्या सफरीतलं आज काय आठवतं? कसाऱ्याच्या घाटात झालेली उलटी, घोड्याच्या व्हिक्टोरियात बसण्याचा हट्ट, आणि कुणीतरी हसत हसत केलेला 'गाववाले आ गए' हा पुकारा. एवढं मोठं शहर आम्ही पाहिलं, पण काय पाहिलं ते सांगता येत नव्हतं. पाहण्याआधी त्याच्याबद्दल आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं ना!

पुढे बी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकलो. त्यात एक रकाना असतो, 'पूर्वज्ञान'. विद्यार्थ्याला आधी काय माहीत आहे ते लिहिल्याशिवाय प्रस्तावना करायची नाही, असा दंडक. हा रकाना आम्ही शेकडो वेळा भरला असेल. पण आपल्या पोरांना शहरात नेताना तो कोराच राहतो. कपडे शिवून घेतो, डब्यात खुरमे भरतो, आणि मुलांना मात्र रिकामं नेतो.

तेव्हा आम्ही ठरवलं की जाण्याआधीचे तीन आठवडे रोज रात्री इशाच्या नमाजनंतर अर्धा तास मुंबईचं वाचन करायचं. थोरलीला म्हटलं, "तू येऊ नकोस हवं तर. पण ऐकायला बस."

पण वाचायचं काय? सुरुवात शाळेच्या कपाटापासून केली. इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या शाळेतल्या त्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आमच्याच पर्समध्ये असते. पुस्तकं फाटतील, हरवतील, तपासणीला कमी भरतील, या भीतीने आम्ही ती मुलांच्या हाती फारशी देत नव्हतो. कपाट उघडलं तेव्हा काही पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली होती. न वाचलेली पुस्तकंही खराब होतात, हे आम्हाला तिथे उभं राहून कळलं.

उर्दूत आम्हाला पहिलं मिळालं ते 'अब्बू खाँ की बकरी'. डॉ. झाकीर हुसेन यांची ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी वाचली असेल. पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झालेल्या या माणसाने मुलांसाठी गोष्टी लिहिल्या आणि त्या आपल्या मुलीच्या नावाने छापल्या. अल्मोड्याच्या अब्बू खाँची चांदनी नावाची बकरी दाव्याला कंटाळून पहाडावर जाते, लांडग्याशी रात्रभर झुंजते. गोष्ट ऐकून थोरली म्हणाली, "बकरी तो पहाड पे गयी. शहर को कौन गया?" प्रश्न बरोबर होता.

मग मराठीकडे वळलो. थोरलीला देवनागरी येते, पण जोडाक्षराला अडखळते. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून. थकली की डोळे पानाच्या चुकीच्या टोकाला जातात. एका सहकारी शिक्षकांनी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तकं आणून दिली. हे वाचनालय १८४० पासूनचं आहे. त्यात भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' होता आणि दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' होता. बोक्या आधी आकाशवाणीवर आला आणि मग पुस्तकात, हे ऐकून धाकट्याला फार नवल वाटलं. बोक्या मुंबईतला. फेणे फुरसुंगीचा, आणि शिकायला पुण्याच्या विद्याभवनात गेलेला. हे फुरसुंगी प्रकरण थोरलीला आवडलं. "मतलब ये भी गाववाला?" तिने विचारलं. आम्ही म्हटलं, "हो, आणि शहरातली सगळी पोरं त्याच्या मागे धावतात."

रोज एक पान ती मोठ्याने वाचायची. 'प्रयत्न' या शब्दाला पहिल्या दिवशी तिला तीन वेळा थांबावं लागलं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती न थांबता पुढे गेली, आणि थांबली नाही हे तिच्या लक्षातही आलं नाही. शिक्षकाला याहून मोठा पगार कोणता?

इंग्रजी पुस्तकं आम्ही स्वतः वाचून रात्री आमच्या बोलीत सांगायचो. त्यात मुलांना सर्वांत जवळची वाटली ती अनिता देसाई यांची 'द व्हिलेज बाय द सी'. १९८२ मध्ये आलेल्या या कादंबरीला पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये गार्डियनचं बालसाहित्याचं पारितोषिक मिळालं. पण गोष्ट आपल्याच मातीतली आहे. अलिबागजवळच्या थळ गावचा हरी. आई आजारी, वडील दारूच्या नादी. खताच्या कारखान्याविरुद्ध गावकऱ्यांचा मोर्चा मुंबईला निघतो, त्यांच्याबरोबर हा पोरगा मुंबईत येतो आणि एका खानावळीत कामाला राहतो. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ असतात, ते त्याला आपलं काम शिकवतात. पावसाळ्यानंतर हरी गावी परततो तेव्हा त्याच्या हातात हुन्नर असतो.

"उसपे कोई हँसा नहीं?" थोरलीने अंधारात विचारलं.

"हँसे होंगे," आम्ही म्हटलं. "लेकिन वो सीख के आया."

ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी कपाटावरून आपली बॅग काढून तिने झटकून ठेवली.

धाकट्यासाठी पॅडिंग्टन नावाचं अस्वल कामी आलं. मायकल बॉन्ड यांनी १९५८ मध्ये लिहिलेलं हे अस्वल पेरू देशातून एकटंच लंडनला येतं आणि रेल्वे स्टेशनवर बसून राहतं. त्याच्या गळ्यात चिठ्ठी असते की या अस्वलाची काळजी घ्या. महायुद्धात शहराबाहेर पाठवलेली, गळ्यात नावाची चिठ्ठी बांधलेली मुलं बॉन्ड यांनी पाहिली होती, त्यातून ही कल्पना आली. आता लंडनच्या त्या स्टेशनवर त्याचा पुतळासुद्धा आहे. धाकट्याने लगेच स्वतःसाठी चिठ्ठी मागितली. आम्ही एका कार्डावर त्याचं नाव, मामूजानचा पत्ता आणि दोन मोबाईल नंबर उर्दूत लिहिले. मुलांचे अब्बा हसले, म्हणाले, "मुंबईत हे वाचणार कोण?" मग मागच्या बाजूला तेच मराठीत लिहिलं. या कार्डाने पुढे आम्हाला विचारात पाडलं, ते शेवटी सांगतो.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही रेल्वेचा रस्ता काढला. नाशिकरोड, देवळाली, इगतपुरी, कसारा, कल्याण, ठाणे, दादर, आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, आणि दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' हे मराठी पुस्तक छापलं. म्हणजे मुंबई पाहायला जाणाऱ्याला मराठीत काही वाचायला मिळावं याची कुणाला तरी दीडशे वर्षांहून आधी काळजी होती. मुलांना हे सांगताना आम्हालाच बरं वाटलं.

आठ-दहा दिवसांनी थोरलीने एक प्रश्न विचारला. वाचताना सहज, बोट ओळीवर ठेवून. "अम्मी, इन किताबों में ईद कब आती है?"

जी पुस्तकं आम्ही वाचत होतो त्यांत ती आली नव्हती. आम्ही म्हटलं, "आगे आएगी." ते खोटं होतं, आणि बोलल्याबरोबर आम्हाला ते टोचलं.

निघायच्या आदल्या दिवशी एस.टी.ने नाशिकला खालाजानकडे मुक्कामाला गेलो आणि सकाळी नाशिकरोडहून पंचवटी पकडली. थोरली आली होती. 'मी येते' असं ती म्हणाली नाही, आम्हीही विचारलं नाही. कॅलेंडरचा नकाशा धाकट्याच्या मांडीवर होता. प्रत्येक स्टेशनला तो पेन्सिलीने टिक करायचा. तिकीट तपासनीस आले तेव्हा त्याने तिकिटाच्या आधी आपलं कार्ड दाखवलं. त्यांनी ते गंभीरपणे पाहून परत केलं. अल्लाह त्यांचं भलं करो.

मुंबईला उतरून बाहेर आलो. १८८८ साली पूर्ण झालेली ती इमारत मुलांनी मान वर करून पाहिली. रस्त्यापलीकडे अंजुमन-इ-इस्लामची इमारत. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी ही संस्था सुरू केली, हे आम्ही थोरलीला आधी सांगितलं होतं. ती म्हणाली, "स्टेशन के सामने मदरसा? इतना बड़ा?" मग लोकलने भायखळ्याकडे. पहिलंच स्टेशन आलं, तिने पाटी वाचली आणि डोळे मोठे केले, "मस्जिद!" आम्ही सांगितलं की हे नाव आपल्या मस्जिदीवरून पडलेलं नाही. इथे बेने इस्राएल यहुद्यांचं १७९६ सालचं सिनेगॉग आहे. मराठी बोलणारे हे लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. शेजारी बसलेले एक चाचा म्हणाले, "चाळीस साल से इस लाइन पे हूँ, ये आज सुना." थोरलीने खिडकीबाहेर पाहिलं, पण तिचा चेहरा आम्हाला काचेत दिसत होता.

आता कुणी म्हणेल, पुस्तकं वाचली आणि सगळं सोपं झालं. तसं झालं नाही. पहिल्या संध्याकाळी ती मुमानीच्या मागे मागे स्वयंपाकघरातच राहिली. धाकट्याची तर निराशाच झाली. त्याला चित्रातली जुनी लाल डबल डेकर हवी होती. ती सप्टेंबर २०२३ मध्येच रस्त्यावरून गेली. आता आहे ती विजेवर चालणारी, वातानुकूलित. तिच्या वरच्या मजल्यावर बसून तो रडला, कारण खिडकी उघडत नव्हती. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही त्याच वर्षी गेली होती. पुस्तकातलं शहर आणि आजचं शहर यांत अंतर पडतं, हे मुलांना आधी सांगून ठेवायला हवं होतं. ती आमच्या पाठ टाचणातली चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मामूजानच्या मुलांनाही घेऊन राणीच्या बागेत निघालो. घरापासून चालत दहा मिनिटं. दार बंद! बुधवार होता, आणि बुधवारी बागेला सुट्टी असते. मामूजानची मुलगी खो-खो हसली. "इतना पढ़ के आयी, और ये नहीं मालूम?"

आमच्या पोटात गोळा आला. मालेगावचं लग्न आठवलं. पण थोरली लाल होत म्हणाली, "तुम तो यहीं रहते. तुमको भी कहाँ मालूम था?"

क्षणभर शांतता. मग दोघी एकदम हसायला लागल्या. बंद दारासमोर, उन्हात, पोट धरून. आमच्या सफरीतला सर्वांत चांगला क्षण कोणता असं कुणी विचारलं तर आम्ही हाच सांगू.

गुरुवारी पुन्हा गेलो. मुंबईच्या मुलांना पेंग्विन माहीत होते. आमच्या मुलीला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती माहीत होता. ती पुढे झाली आणि सांगू लागली. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो पडून फुटला, मग तुकडे इथे आणले आणि १९१४ मध्ये ते जोडून हा उभा केला. मग काळा घोडा. ज्याच्यावरून शहराच्या त्या भागाला काळा घोडा म्हणतात, तो मूळ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि आता याच बागेत आहे. पुढे राजा झालेला सातवा एडवर्ड त्याच्यावर अजून बसलेला आहे. तिकडे काळ्या घोड्याच्या चौकात २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. मामूजानच्या मुलीने दोन्ही ऐकलं आणि म्हणाली, "मैं यहाँ दस बार आयी हूँ. किसी ने बताया ही नहीं."

धाकटा संग्रहालयात पलंग शोधत होता. आम्ही त्याला न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लपून राहणाऱ्या बहीण-भावाची गोष्ट सांगितली होती, ई. एल. कोनिग्सबर्ग यांची, १९६७ सालची. ती मुलं तिथल्या जुन्या पलंगावर झोपतात. त्याला इथे पलंग मिळाला नाही, पण जुन्या मुंबईतल्या लोकांचे मातीचे छोटे पुतळे पाहताना तो पलंग विसरला.

परतायच्या आदल्या रात्री मामूजानच्या मुलीने विचारलं, "मैं सटाणा आऊँगी तो क्या पढ़ के आऊँ?"

आम्ही गप्प झालो. मुंबईला जाण्याआधी वाचायला काय आहे ते शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले. सटाण्याला येण्याआधी वाचायला मुलांसाठी आम्हाला एकही पुस्तक सुचलं नाही.

घरी आल्यावर थोरलीने वही घेतली. तिने ती उर्दूत लिहायला सुरुवात केली. दोन पानं झाल्यावर तिच्याच लक्षात आलं की मामूजानच्या मुलीला उर्दू वाचता येत नाही, घरी फक्त बोलता येते. इंग्रजीत लिहिणं हिला जमत नव्हतं. मग दोघींना वाचता येईल असं काय? आमच्या डोळ्यांसमोर ते कार्ड आलं, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. मराठी दोघींच्याही शाळेत आहे. एकाच आजीच्या दोन नाती, एक उर्दू माध्यमाची, एक इंग्रजी माध्यमाची, आणि दोघींना मिळून वाचता येणारी भाषा मराठी! आम्ही अनेक वर्षं शिकवतो आहोत, पण हे आमच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

तिने पुन्हा पहिल्यापासून मराठीत लिहिलं. आरम नदी. कांद्याचे ट्रॅक्टर. देवमामलेदार यशवंतराव महाराज, ज्यांनी दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटला, आणि त्यांच्या यात्रेतले पाळणे. १५६७ मीटर उंचीचा साल्हेर किल्ला. बाजारात ऐकू येणारी अहिराणी. आणि एक अख्खं पान ईदचं, ईदगाहपासून शीरखुर्म्यापर्यंत, आणि शेजारच्या काकूंकडे पोहोचवायच्या डब्यासकट. बारा पानं झाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आम्ही मोजल्या नाहीत. लाल पेन हातात घेतलं होतं, ते ठेवून दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत मामूजानची मुलगी ती वही घेऊनच आली. एस.टी.तून उतरताच म्हणाली, "पुल तो छोटा है. तूने लंबा लिखा था." आणि तिथेच, स्टँडवर, पेन्सिलीने तिने दुरुस्ती केली. आता त्या वहीत दोघींचं अक्षर आहे.

शाळेच्या कपाटाची किल्ली आम्ही जूनमध्येच वर्गातल्या मुलांकडे दिली. दोन पुस्तकं फाटली आहेत, एक हरवलं आहे.

वाचकहो, या अंकात लिहिणारे आणि वाचणारे आपण सगळे मराठीत आपली सुखदुःखं मोठ्यांसाठी मांडत आलो. मुलांसाठी किती लिहिलं? मुंबईचं, मालेगावचं, सटाण्याचं? आमच्या मुलीने विचारलं होतं, या पुस्तकांत ईद कधी येते. आम्ही तिला 'पुढे येईल' असं सांगून मोकळे झालो होतो. ते खोटं ठरू नये एवढीच दुआ, आणि त्यासाठी आपल्यातल्या कुणी तरी एक कोरी वही उघडावी.